किम गू
किम गू (२९ ऑगस्ट, १८७६ - २६ जून, १९४९) हे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील प्रमुख नेते होते. त्यांचा जन्म ह्वांगहे प्रांतातील हेजू येथे एका गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी दोंगहाक शेतकरी उठावात भाग घेतला. १९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. १९१९ च्या १ मार्च चळवळीनंतर किम शांघायमधील कोरियाच्या हंगामी सरकारात सामील झाले. १९४० मध्ये ते या सरकारचे प्रमुख बनले. त्याच वर्षी सरकारने चोंगछिंग येथे मुक्तिसेना उभारली.

१९४५ मध्ये जपानच्या पराभवानंतर ३८ व्या अक्षवृत्ताच्या उत्तरेस सोव्हिएत आणि दक्षिणेस अमेरिकन सैन्याने ताबा घेतला. केवळ दक्षिणेत निवडणूक घेतल्यास देशाची फाळणी कायम होईल, असे मायदेशी परतलेल्या किम यांचे मत होते. साम्यवादाचे विरोधक असूनही एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी प्याँगयांगला जाऊन उत्तरेच्या नेत्यांशी वाटाघाटी केल्या. त्या निष्फळ ठरल्या व त्याच वर्षी दोन स्वतंत्र राज्ये स्थापन झाली. २६ जून, १९४९ रोजी सोल येथील निवासस्थानी दक्षिण कोरियाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने गोळ्या झाडून त्यांची हत्या केली. त्यानंतर वर्षभरातच, २५ जून, १९५० रोजी कोरियन युद्धास तोंड फुटले.