ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

हे नाव ऐकून वर्गात सगळे हसले. मीपण हसलो. पण हे खाऊचे नाव नाही, एका मोठ्या वादकाचे नाव आहे. त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यात हळदोणे या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते.

त्यांच्या आईला वाटे की पोराने मेकॅनिक व्हावे, म्हणजे चार पैसे नक्की मिळतील. त्यांना मात्र वाजवायचेच होते.

त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये लहान मुलांना गाणे आणि व्हायोलिन शिकवीत. मुख्य म्हणजे सूर वाचायला शिकवीत. कागदावर पाच आडव्या रेघा असतात आणि त्यांवर टिपके काढतात. टिपका वर गेला की सूर चढतो, खाली आला की उतरतो. आपण बाराखडी वाचतो तशी ती मुले सूर वाचायची. त्यामुळे गोव्याच्या लई वादकांना मुंबईत काम मिळाले. चिक चॉकलेटही मुंबईला गेले.

पण त्यांना जे वाजवायचे होते ते जाझ, आणि ते त्या शाळांत नव्हते. जाझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी काढलेले संगीत आहे. त्यात वादक चाल वाजवता वाजवता मनानेच बदलतो, दुसऱ्या वाटेने जातो आणि ठेका न चुकता परत येतो. आमच्या गावच्या भजनात बुवा एकच ओळ पाच-सहा तऱ्हेने म्हणतात आणि पखवाजवाले त्यांना बरोबर समेवर गाठतात, तसेच थोडेसे. हे कागदावरून कसे येणार? म्हणून त्या काळचे वादक रेकॉर्ड लावून ऐकत आणि पुन्हा लावत. १९३५ पासून अमेरिकेचे काळे वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला येऊ लागले. त्यांचे ऐकूनही गोव्याचे वादक शिकले.

चिक चॉकलेट हे लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारखे वाजवीत. हातात रुमालसुद्धा तसाच धरीत. हे लुई आर्मस्ट्राँग लहानपणी फार गरीब होते. अकरा वर्षांचे असताना त्यांनी रस्त्यात पिस्तूल उडवले म्हणून त्यांना सुधारगृहात टाकले. तिथे पीटर डेव्हिस नावाच्या मास्तरांनी त्यांना कॉर्नेट शिकवले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ. म्हणजे ते माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठे होते!

पुढे ताजमहाल हॉटेलात चिक चॉकलेट यांचा स्वतःचा बँड वाजू लागला. १९४७ साली १४ ऑगस्टच्या रात्री देश स्वतंत्र झाला, तेव्हाही तिथे त्यांचा बँड होता. नंतर ते संगीतकार सी. रामचंद्र यांना मदत करू लागले. सी. रामचंद्र आपल्या महाराष्ट्रातलेच, पुणतांब्याचे. त्या काळी बरेच संगीतकार पेटीवर चाल सांगत. गोव्याचे वादक ती टिपक्यांत लिहून घेत आणि कोणी कधी वाजवायचे ते ठरवीत. १९५१ सालच्या अलबेला या चित्रपटात एका गाण्यात चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. गुरुजींनी मोबाईलवर ते गाणे दाखवले. ट्रम्पेटवाले तेच, म्हणून गुरुजींनी बोट ठेवले. पण सिनेमाच्या पाटीवर बहुतेक वादकांची नावे येत नसत. हे मला मुळीच पटले नाही.

१९६७ साली ते वारले.

आता मी हे का लिहिले ते सांगतो. माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. त्याला तीनच बटणे असतात. एकही बटण न दाबता नुसते ओठ आवळले की वरचा सूर निघतो, सैल सोडले की खालचा. आधी नुसते ओठ फुरफुरवायचे असतात. मला आठ दिवस फुस्स एवढाच आवाज आला. आता दोन सूर नीट येतात. मामांना टिपके वाचता येत नाहीत. तेही ऐकूनच शिकले. लग्नसराई संपली की त्यांना शेतात मजुरीला जावे लागते. म्हणून बाबा म्हणतात की बँडबिंड काही नको, आयटीआय करून मोटार मेकॅनिक हो. बाबांचे खोटे नाही. चिक चॉकलेट यांच्या आईचेपण खोटे नसेल.

मामा आले की मी स्टेशनकडच्या शेतात जातो आणि मालगाडी आली की जोरात फुंकतो. गाडीच्या आवाजात घरी ऐकू येत नाही. पण मालगाडी लवकर संपते. शनिवारी पालकसभा आहे. सगळे पालक हे भित्तिपत्रक वाचतात. बाबा वाचतील तेव्हा मी तिथेच उभा राहणार आहे.