डॉ. वेणू बाप्पू : आकाशाचा जागता पहारेकरी

आकाशातील बहुतेक तारे आपल्या डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सारखेच भासतात. परंतु काही ताऱ्यांचे तेज कमी-अधिक होत असते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांतील काही ठराविक कालावधीने उजळतात व मंदावतात, तर काही वर्षानुवर्षे निस्तेज राहून एखाद्या रात्री एकाएकी शेकडो पटींनी प्रखर होतात. अशा ताऱ्यांच्या नोंदी ठेवण्यापासून ज्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली आणि ज्यांनी पुढे भारतात आधुनिक वेधशाळा उभ्या केल्या, ते थोर खगोलशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. मनाली कल्लाट वेणू बाप्पू.

त्यांचा जन्म 10 ऑगस्ट 1927 रोजी मद्रास येथे झाला. घराणे मूळचे केरळातील तलश्शेरीचे. परंतु वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करीत. आपला मराठवाडा त्या काळी ज्या संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या राजधानीत वेणूचे बालपण गेले. हा एकुलता एक मुलगा दुर्बिणीच्या सहवासातच वाढला. रूपविकारी ताऱ्याचे वेध घेण्यास मोठे भांडवल लागत नाही. चिकाटी मात्र फार लागते. बदलणाऱ्या ताऱ्याची आजूबाजूच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करायची, त्याची प्रत ठरवायची, वेळ टिपायची आणि पुढच्या रात्री पुन्हा तेच करायचे. या कामात डोळा फसतो, हेही या मुलाने ओळखले. दीर्घ कालावधीचे रूपविकारी तारे बहुधा तांबडे असतात आणि तांबड्या प्रकाशाचा अंदाज घेताना निरीक्षकाची गफलत होऊ शकते. ताऱ्याच्या रंगाचा अशा निरीक्षणांवर काय परिणाम होतो, या विषयावर त्यांचा लेख 1946 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

1949 मध्ये बाप्पू उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांनी बार्ट बोक व गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह एका धूमकेतूचा शोध लावला आणि त्या धूमकेतूला तिघांची नावे मिळाली. 1952 मध्ये डॉक्टरेट मिळवून ते पालोमार येथे गेले. तेथे ओलिन विल्सन यांच्यासमवेत केलेल्या कामातून 1957 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ जन्मास आला. थंड ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका काळ्या रेषेच्या मध्यभागी बारीक तेजस्वी पट्टी दिसते. तिची रुंदी मोजली की ताऱ्याचे खरे तेज कळते. ते त्याच्या दृश्य तेजाशी ताडून पाहिले की अंतर काढता येते. ही पद्धत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारली.

अशी कीर्ती मिळवलेल्या तरुणाला परदेशात राहणे सहज शक्य होते. बाप्पू मात्र 1953 मध्ये मायदेशी परतले. उत्तर प्रदेश शासनाच्या वेधशाळेची नैनीताल येथे उभारणी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि 1960 मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. ही वेधशाळा सूर्याच्या अभ्यासासाठी नावाजलेली होती; ताऱ्यांच्या वेधांसाठी मात्र अधिक निरभ्र रात्रींची जागा हवी होती. दक्षिण भारतात शोध घेऊन त्यांनी तामिळनाडूच्या जावडी डोंगरातील कावलूर हे गाव निवडले. सुमारे साडेबारा अंश अक्षांशावरील या ठिकाणाहून उत्तरेबरोबरच दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो. 1968 मध्ये संस्थेतच तयार केलेल्या 38 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने तेथे काम सुरू झाले. 1972 मध्ये एक मीटर व्यासाची दुर्बीण आली. त्याच वर्षी गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेल्याचे आणि 1977 मध्ये युरेनसने एका ताऱ्याला झाकल्याचे वेध कावलूरहून घेण्यात आले.

1971 मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली आणि पुढे तिचे मुख्यालय बंगळुरू येथे आले. संस्थेचे पहिले संचालक या नात्याने बाप्पूंनी एक धाडसी संकल्प केला : 234 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण परदेशातून तयार न आणता भारतातच घडवायची. तिच्या आरशाला घासून अचूक आकार देण्याचे काम बंगळुरूच्या प्रयोगशाळेत सुरू झाले. 1979 मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले, तर 1981 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु हृदयविकाराने त्यांना गाठले. ऑगस्ट 1982 मध्ये संघाचे अधिवेशन ग्रीसमधील पात्रास येथे भरले असतानाच, 19 तारखेला, म्युनिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली. पंचावन्नावा वाढदिवस होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. मोठी दुर्बीण अजून अपुरी होती.

सहकाऱ्यांनी मात्र ते काम थांबू दिले नाही. दरम्यान, जानेवारी 1985 मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील आरएस हा तारा अकस्मात उजळला. ही वस्तुतः एक जोडी आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्याचे द्रव्य शेजारच्या श्वेत लघुताऱ्यावर साठत जाते आणि पुरेसे साठले की तेथे अणुस्फोट होतो. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा मग नुसत्या डोळ्यांना दिसू लागतो. 1967 नंतर तो 1985 मध्ये, मग 2006 मध्ये आणि पुढे 2021 मध्ये असा उजळला. त्याची तिथी कोणत्याच पंचांगात सापडत नाही. 1985 च्या त्या स्फोटाचे वर्णपट कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीतून घेण्यात आले. अठरा वर्षांपूर्वी, 1967 मध्ये, तोच तारा उजळला तेव्हा कावलूरला एकही दुर्बीण कामाला लागलेली नव्हती. मधल्या काळात बाप्पूंनी काय केले, याचे उत्तर या दोन सालांतच आहे.

6 जानेवारी 1986 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते मोठ्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले आणि दुर्बिणीला व वेधशाळेला वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी दक्षिण आकाशात प्रकटलेल्या विख्यात अतिदीप्त नवताऱ्याचे वेधही कावलूरहून घेतले गेले. क्षितिजापासून जेमतेम आठ अंश वर येणारा तो तारा अधिक उत्तरेकडील वेधशाळांना दिसणेच कठीण होते.

शाळेचे कामही काहीसे असेच असते. कोणता विद्यार्थी केव्हा उजळेल हे आधी सांगता येत नाही. त्या क्षणासाठी सर्व सिद्धता मात्र आधीच करून ठेवावी लागते. जे तारे आपल्याला दिसणार नाहीत, त्यांच्यासाठीही दुर्बीण उभारणाऱ्या वेणू बाप्पूंचे चरित्र म्हणूनच विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या सर्वांनी जवळ ठेवावे असे आहे.