शेंडेफळाचं शेंडेफळ : बेंजामिन फ्रँकलिन यांनी शोधलेलं आपलं घराणं

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की पतंग आणि वीज आठवते, नाहीतर शंभर डॉलरच्या नोटेवरचा चेहरा. या माणसाला आपलं घराणं मूळचं कुठलं, हे शोधण्याचाही भारी नाद होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

वडील जोसाया हे मूळचे इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरच्या एक्टन गावचे, धंद्याने रंगारी. राजमान्य चर्चबाहेर प्रार्थनेला जमणाऱ्यांवर तिथे बंदी होती. म्हणून १६८३ च्या सुमारास बायको आणि तीन मुलांना घेऊन ते बोस्टनला आले. नव्या गावात रंगकामाला गिऱ्हाईक नव्हतं, मग चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करायला लागले. दोन बायकांची मिळून सतरा मुलं. बेंजामिन पंधरावे आणि मुलांमध्ये सगळ्यात धाकटे, जन्म १७०६ चा. त्यांची आई अबाया ही नँटकेट बेटावरच्या पीटर फोल्जर यांची लेक. हे फोल्जर तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकले होते. मेरी मॉरिल नावाच्या बांधील नोकराणीची २० पौंड मोजून त्यांनी सुटका केली आणि तिच्याशीच लग्न लावलं. म्हणजे आजोळही काही साधंसुधं नव्हतं.

पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या कामासाठी फ्रँकलिन १७५७ मध्ये लंडनला गेले. पुढच्याच उन्हाळ्यात मुलगा विल्यमला घेऊन त्यांनी एक्टन गाठलं. आपल्या सीमाभागात हेळवी दारात येऊन पिढ्या वाचून दाखवतात. एक्टनमध्ये ते काम चर्चच्या नोंदवहीने केलं. जन्म, लग्नं, मृत्यू, सगळं १५५५ पासून लिहिलेलं. धर्मगुरूंच्या पत्नीने वही काढून दिली, चर्चच्या आवारातल्या कबरी दाखवल्या. दगडांवर शेवाळ इतकं चढलं होतं की अक्षर लागेना. पीटर नावाचा गुलाम सोबत होता. त्याने ब्रश आणि पाणी घेऊन दगड घासले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. मालकाच्या पूर्वजांची नावं पीटरने उजळली, आणि त्याच्या स्वतःच्या आईबापाचं नाव मात्र त्या प्रवासाच्या हकिगतीत कुठेच येत नाही. याच फ्रँकलिन यांनी १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचं अध्यक्षपद घेतलं. तिथवर यायला त्यांना बरीच वर्षं लागली.

वही चाळल्यावर एक गंमत हाती लागली. पाच पिढ्या मागे जावं, तर ते धाकट्याच्या धाकट्याचे धाकटे निघाले, शेंडेफळाचं शेंडेफळ! आणि शेंडेफळाच्या वाट्याला जमीन कुठून येणार? घराण्याची मालकीची जमीन होती सुमारे ३० एकर, तीही थोरल्याकडे जायची. तीनशे वर्षं हे लोक त्याच गावात होते, आणि जमिनीला जोड म्हणून लोहारकी. थोरला मुलगा भात्यापाशी बसायचा, धाकट्यांनी दुसरा धंदा शोधायचा. शेवटचे वारस थॉमस काका. त्यांच्या मुलीने आणि जावयाने ती जमीन विकून टाकली. फ्रँकलिन गेले तेव्हा दगडी घर मोडकळीला आलं होतं, पण गावात नाव अजून फ्रँकलिन यांचं घर असंच.

हे थॉमस काका लोहारकी शिकून पुढे दस्तऐवज लिहिणारे झाले. चर्चच्या घंटांसाठी त्यांनी वर्गणी जमवली, नदीच्या पुरापासून गावची कुरणं वाचवण्याची युक्ती काढली. काही लोकांना तर ते जादूगारच वाटायचे. जुन्या कालगणनेप्रमाणे ६ जानेवारी १७०२ ला ते गेले, आणि बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला पुतण्या जन्मला. वर्णनं ऐकून विल्यम चकित झाला. दोघांचा दिवस एकच असता तर काकाच पुन्हा जन्माला आले म्हणायला हरकत नव्हती, असं त्याला वाटलं.

आणखी एक हकिगत फ्रँकलिन यांना त्यांच्याच नावाच्या काकांकडून, बेंजामिन यांच्याकडून मिळाली. राणी मेरीच्या काळात इंग्रजी बायबल घरी ठेवणं जोखमीचं होतं. खापरपणजोबांनी ते स्टुलाच्या बैठकीखाली फितींनी बांधून ठेवलं होतं. वाचताना स्टूल मांडीवर उलटं घ्यायचं आणि एका पोराला दाराशी उभं करायचं. धर्मन्यायालयाचा शिपाई दिसला की स्टूल सरळ.

हे सगळं फ्रँकलिन यांनी १७७१ मध्ये आत्मचरित्राच्या सुरुवातीला लिहिलं, विल्यमला उद्देशून, पत्रासारखं. विल्यम तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर, इंग्लंडच्या राजाने नेमलेला. लग्नाबाहेर जन्मलेल्या या मुलाला फ्रँकलिन यांनी आपलं नाव दिलं, घरात वाढवलं. त्याच्या आईचं नाव मात्र, दोनशे वर्षांच्या नोंदी चाळणाऱ्या या बापाने कुठेही लिहून ठेवलं नाही. मला तरी ही गोष्ट खटकते.

पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. बाप बंडखोरांचा पुढारी, मुलगा राजनिष्ठ. १७७६ मध्ये विल्यमला अटक झाली आणि त्याने कनेक्टिकटमध्ये बंदिवास भोगला. सुटल्यावर तो इंग्लंडला गेला. १७८४ मध्ये समेटासाठी पत्र त्यानेच पाठवलं. पुढच्या वर्षी साउदम्प्टनला भेट झाली, ती हिशेबाचीच: विल्यमने अमेरिकेतल्या जमिनी आपला मुलगा टेंपल याच्या नावावर करून दिल्या. बापलेक पुन्हा भेटले नाहीत. १७९० मध्ये फ्रँकलिन वारले. मृत्युपत्रात विल्यमला नोव्हा स्कोशियातल्या जमिनीवरचा हक्क आणि त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तकं-कागद एवढंच, शिवाय जुनं कर्ज माफ. युद्धात तो विरुद्ध बाजूला होता, हे कारणही तिथेच लिहिलेलं.

आत्मचरित्राचा दुसरा भाग त्यांनी १७८४ मध्ये फ्रान्समध्ये लिहायला घेतला. तो मुलासाठी नव्हता, सगळ्या वाचकांसाठी होता. पहिला भाग त्यांनी म्हातारपणी पुन्हा तपासला, प्रती काढायला लावल्या. एक्टनची नोंदवही, लोहारकी, स्टुलाखालचं बायबल, सगळं तसंच राहिलं. आणि पहिल्या ओळीतली मुलाला मारलेली हाकही त्यांनी खोडली नाही.