भास्कराचार्य आणि खड्ड्याचे गणित

त्रिकोणी चितीचे घनफळ शिकविताना आम्हांस वर्षानुवर्षे एकच अनुभव येतो. सूत्र मुलांना मुखोद्गत असते. परंतु आडव्या ठेवलेल्या चितीचा पाया कोणता आणि उंची कोणती, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. अशा वेळी आम्हांस भास्कराचार्यांचे स्मरण होते.

शके 1036, म्हणजे इ. स. 1114 मध्ये त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. ‘लीलावती’ हा त्यातील पाटीगणिताचा भाग. घटिकापात्रात मोती पडून कन्या लीलावतीचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात आली आहे. कथा मनोहर खरी. पण त्या मोत्यापेक्षा ग्रंथातील उदाहरणेच आम्हांस अधिक मोलाची वाटतात.

त्यांपैकी एकात 13, 14 व 15 अशा भुजांचा त्रिकोण आहे. 14 ही भूमी धरली असता लंब 12 येतो व क्षेत्रफळ 84. पुढे खातव्यवहारात, खणलेल्या खड्ड्याचे माप काढण्यासाठी, आचार्य क्षेत्रफळास खोलीने गुणावयास सांगतात. याच त्रिकोणाच्या तोंडाचा 10 हात खोल सरळ खड्डा आपण खणला, तर माती 840 घनहात निघेल. तोच आकार लाकडाचा करून सर्व अंगांनी रंगवावयाचा, तर परिमिती 42 गुणिले 10 म्हणजे 420 आणि दोन टोकांचे 168, मिळून 588 चौरस हात भरतील. माती किती आणि रंग किती, हा भेद एकदा उमगला की गोंधळ उरत नाही. खड्डा तळाशी निमुळता होत टोकास गेला, तर माती एकतृतीयांश, म्हणजे 280. हे एकतृतीयांश ब्रह्मगुप्तांनी 628 मध्येच सांगितले होते. त्याआधी आर्यभटांच्या ग्रंथात तेथे निम्मे आले होते. थोरांचीही येथे चूक झाली, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

चूक दाखविण्यास भास्कराचार्य कचरत नसत. लल्लाचार्यांनी गोलाचे पृष्ठफळ चुकीचे दिले होते. पूर्वसूरींचा आदर राखूनही आचार्यांनी तो नियम खोडून काढला आणि पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या चौपट असते, हे चेंडूवरील जाळ्याच्या उपमेने समजाविले.

1183 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी मान पावला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. गोव्यात जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेल्या तेथील शिलालेखात 1207 मधील ही हकीकत आहे. लेख संस्कृतात असला, तरी मठास मिळावयाच्या उत्पन्नाच्या ओळी मात्र मराठीत आहेत.