तीन चाकांवर अडलेला माणूस : कार्ल बेंझ

थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात अ‍ॅकरमन आणि डेव्हिस ही दोन नावं आपण सगळ्यांनीच घोकली आहेत. आकृती काढायची, कॉटची समीकरणं लिहायची, सहा मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. पण या सहा मार्कांच्या प्रश्नावर एक माणूस सात वर्षं अडून बसला होता, आणि तो माणूस म्हणजे मोटारगाडीचा जनक कार्ल बेंझ! म्हटलं, यंदा अंकात त्याच्यावरच लिहावं.

बेंझचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ चा, जर्मनीतल्या कार्ल्सरूहजवळच्या म्यूलबुर्गचा. वडील रेल्वे इंजिनचे ड्रायव्हर. पोरगा दोन वर्षांचा असतानाच ते न्यूमोनियाने गेले. आईने हलाखीत दिवस काढले, पण मुलाचं शिक्षण सोडलं नाही. पंधराव्या वर्षी तो कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला आणि १८६४ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी इंजिनिअर होऊन बाहेर पडला. आपण त्या वयात सेकंड इयरच्या बॅकलॉगची काळजी करत असतो. असो.

पुढे सात वर्षं निरनिराळ्या कारखान्यांत नोकऱ्या झाल्या. १८७१ मध्ये मानहाइमला ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर स्वतःचं वर्कशॉप काढलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि अवजारांवर जप्ती आली. तेव्हा मदतीला धावली ती बर्था रिंगर, त्याची वाग्दत्त वधू. आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच काढून तिने रिटरचा हिस्सा विकत घ्यायला लावला. १८७२ मध्ये त्यांचं लग्न झालं. १८७९ च्या शेवटच्या रात्री, बाहेर नवीन वर्षाच्या घंटा वाजत असताना, त्यांचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं.

मग गाडी. २९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज गेला, क्रमांक ३७४३५. एक सिलिंडर, ९५४ सीसी, पाऊण हॉर्सपॉवर, ताशी सुमारे सोळा किलोमीटर. मागच्या चाकांना डिफरन्शिअलसुद्धा! पण चाकं मात्र तीन. पुढे एकच चाक आणि ते वळवायला दांड्यावर छोटं हँडल व दातेरी पट्टी. असं का?

इथे मला आमच्या ऑटोमोबाइल लॅबमधली जुनी जीप आठवते. तिचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाक ढिम्म हलत नव्हतं. लॅबमधल्या मामांनी अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून दाखवला. मधला प्ले गेला, पण पूर्ण वळवलं की स्टिअरिंग जाम! कारण साधं आहे. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून बॉक्समधला कॅम मध्यावरच झिजतो आणि कडेला नवाच राहतो. मध्याच्या मापाने आवळलं की कडा अडकतात. शेवटी बॉक्स बदलला. पुलर लावून पिटमन आर्म काढला, नवा बॉक्स बसवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजून बरोबर निम्म्यावर आणला, चाकं सरळ केली आणि मगच आर्म चढवला. मामा म्हणजे चालतंबोलतं वर्कशॉप मॅन्युअल!

काम चालू असताना एक गोष्ट लक्षात आली. बॉक्स फक्त एक आर्म हलवतो. खरी करामत पुढे, चाकांजवळच्या जोडणीत आहे. समजा गाडीचा व्हीलबेस अडीच मीटर, दोन किंगपिनमधलं अंतर १.३ मीटर आणि वळणाचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून पाच मीटरवर. मग आतलं चाक सुमारे ३० अंश वळायला हवं आणि बाहेरचं २४. दोन्ही सारखी वळली तर टायर घासत जाणार.

घोडागाडीत ही भानगड वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. अख्खा पुढचा आस मधल्या खिळ्यावर फिरायचा आणि त्याला दिशा द्यायला घोडा असायचा. घोडा काढला की एका चाकाखाली दगड आला तरी सगळा आस हिसका मारून फिरणार, आणि तो हिसका थेट चालवणाऱ्याच्या हातात! शंभरेक किलोमीटरवर गोटलिब डाइमलरने १८८६ मध्येच घोडागाडीत इंजिन बसवून आसावर फिरणारी चारचाकी काढली होती. बेंझला मात्र ते पटेना. अर्धवट चारचाकीपेक्षा धड तीनचाकी बरी, असा त्याचा हिशेब.

याच तीनचाकीची कथा बर्थामुळे जगाला कळली. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, युजेन आणि रिचर्ड या मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, म्हणजे शंभरावर किलोमीटर. वाटेत विसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, तुंबलेली नळी हॅटच्या पिनेने साफ केली, ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून बेंझने नंतर एक गिअर वाढवला. टेस्ट रिपोर्ट याला म्हणतात!

अखेर १८९३ मध्ये स्टिअरिंगचं पेटंट आलं, क्रमांक ७३५१५. प्रत्येक पुढचं चाक आपापल्या खिळ्यावर वळणार आणि दोन्हींचे कोन वेगळे. कल्पना तशी जुनी होती. म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने ती घोडागाडीसाठी काढली होती आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये त्याच्या वतीने पेटंट घेणाऱ्या अ‍ॅकरमनचं नाव तिला चिकटलं. मोटारीत ती पक्की बसवली बेंझने. त्याच वर्षी त्याची चारचाकी व्हिक्टोरिया आली आणि १८९४ मध्ये छोटी व्हेलो. व्हेलोच्या सुमारे बाराशे गाड्या निघाल्या.

शेवट मात्र सरळ नाही. वेगवान गाड्यांचं युग आलं. कंपनीने फ्रेंच डिझायनर आणले, मतभेद झाले आणि १९०३ मध्ये बेंझ स्वतःच्याच कंपनीच्या कामकाजातून बाहेर पडला. वेग वाढवण्याची घाई त्याला कधीच मानवली नाही, आणि त्या बाबतीत काळ त्याच्या पुढे गेला हेही खरं. मुलांबरोबर त्याने लाडेनबुर्गला नवा कारखाना काढला. १९१४ मध्ये कार्ल्सरूहने त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९२६ मध्ये त्याची जुनी कंपनी आणि डाइमलरची कंपनी एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला लाडेनबुर्गच्या घरी तो गेला, बर्था १९४४ मध्ये.

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट कसाबसा चालता करून व्हायवाला उभं राहण्याची आपली हॉस्टेलची परंपरा थोर आहे. पण जे नीट जमलं नाही ते जमलं असं दाखवायचं नाही, जेवढं जमलं तेवढं धड करायचं आणि उरलेलं डोक्यातून जाऊ द्यायचं नाही, हेही इंजिनिअरिंगच. पुढच्या वेळी अ‍ॅकरमनची आकृती काढाल तेव्हा त्या दोन तिरक्या रेषांमागची सात वर्षं जरूर आठवा.