मातीची चाळणी आणि श्रेयाचा वाटा

सेल्मन वॉक्समन यांचे नाव स्ट्रेप्टोमायसिनशी कायमचे जोडले गेले आहे. क्षयावरील या पहिल्या परिणामकारक प्रतिजैविकासाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र एका औषधात नसून औषध शोधण्याच्या रीतीत आहे. आणि त्यांच्या चरित्रावरील डागही त्या रीतीतूनच उमटला.

१८८८ मध्ये युक्रेनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले वॉक्समन १९१० मध्ये अमेरिकेस गेले व रटगर्स येथे कृषिविद्या शिकले. त्यांचा विषय माती, वैद्यक नव्हे. मातीतील सूक्ष्मजीव परस्परांना मारक द्रव्ये निर्माण करतात, तेव्हा मनुष्याच्या रोगांवरही त्यांत काही सापडेल, या विचाराने १९३९ च्या सुमारास त्यांनी पद्धतशीर शोध आरंभिला. मातीतला एकेक जीव वेगळा करून वाढवायचा, शेजारी रोगजंतू पेरायचे आणि ज्याच्याभोवती त्यांची वाढ खुंटेल तेवढाच ठेवायचा. कारकुनी वाटावे असे हे कंटाळवाणे काम! १९४० चे ॲक्टिनोमायसिन विषारी ठरले, १९४२ चे स्ट्रेप्टोथ्रिसिनही. १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हवा तो जीव गवसला. क्षयाचे जिवंत जंतू हाताळायचे म्हणून त्याची जागा तळघरात होती.

१९४४ च्या शोधनिबंधावर शॅट्झ यांचे नाव पहिले, एलिझाबेथ ब्यूगी यांचे दुसरे आणि वॉक्समन यांचे शेवटी होते. कीर्ती मात्र शेवटच्या नावाकडे गेली. १९५० मध्ये शॅट्झ न्यायालयात गेले. वर्षअखेरीच्या तडजोडीत त्यांचे सहसंशोधकत्व मान्य झाले. स्वामित्वधनात त्यांना ३ टक्के व वॉक्समन यांना १० टक्के वाटा ठरला. नोबेल समितीने तरीही शॅट्झ यांना वगळलेच. रीत गुरूची होती हे खरे. पण चाळणीपाशी रात्रंदिवस बसणाऱ्याला केवळ हातकाम करणारा समजणे न्याय्य नव्हते.

वॉक्समन १९७३ मध्ये वारले. पुढे मातीतून तीच ती द्रव्ये पुन्हा पुन्हा हाती येऊ लागली आणि जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले. २०२५ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी निराळी चाळणी वापरली. खारी सरोवरे, उकळते झरे अशा ठिकाणीही तग धरणाऱ्या आर्किया या एकपेशीय जीवांच्या २३३ प्रथिनसंचांची त्यांनी संगणकाकडून छाननी करविली. १२ हजारांहून अधिक संभाव्य जंतुनाशक रेणूंची यादी निघाली. यंत्राचा कौल पडताळण्यासाठी त्यांतले ८० रेणू प्रयोगशाळेत घडवून रोगजंतूंसमोर ठेवावे लागले. बहुतेकांनी जंतूंची वाढ रोखली.