घोड्यावरून पाहिलेले इंग्लंड

प्रवासवर्णनकार सीलिया फाइन्स यांचा जन्म ७ जून १६६२ रोजी विल्टशायरमधील न्यूटन टोनी येथे झाला. वडील नथॅनियल पार्लमेंटच्या सैन्यात कर्नल होते. सीलिया अविवाहित राहिल्या. प्रकृती सुधारावी म्हणून १६८४ च्या सुमारास त्यांनी घोड्यावरून देशाटन आरंभले. सोबतीला एक-दोन नोकर असत. रस्ते चिखलाचे, त्यात वाटमारीचे भय. तरीही १६९८ मध्ये त्या उत्तरेस न्यूकॅसल आणि नैर्ऋत्येस लँड्स एंडपर्यंत जाऊन आल्या.

वाटेवरील उमरावांचे वाडे पाहणे हा या प्रवासांचा ठरलेला भाग असे. १६९७ मध्ये डर्बीशायरमधील चॅट्सवर्थची पुनर्बांधणी चालू होती. तेथील धातूच्या वृक्षाचे कारंजे आणि गरम-थंड पाण्याच्या तोट्यांचे स्नानगृह त्यांनी बारकाईने टिपले. बर्ली हाउसमधील चित्रे त्यांना आवडली. मात्र त्यांतील नग्नता रुचली नाही. वैभवाने त्या दिपल्या नाहीत. कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणी आणि एक्सेटरचा कापडधंदाही त्यांनी तितक्याच आस्थेने न्याहाळला.

१० एप्रिल १७४१ रोजी हॅकनी येथे त्यांचे निधन झाले. आप्तांसाठी लिहिलेला हा वृत्तान्त ग्रंथरूपाने आला तो थेट १८८८ मध्ये. ज्या वाड्यांत त्या केवळ पाहुण्या होत्या, त्यांच्या इतिहासाला आज त्यांच्याच लेखणीचा आधार आहे.